चुन्याला लाच

निघताना आप्पांनी पिशवी घेतलीच.

"आप्पा, भिंत बघायला चाललोय आपण, बांधायला नाही," वहिनी म्हणाली.

"न्हाव्याची धोकटी आणि गवंड्याची पिशवी कधी घरी राहते का?" असं म्हणत आप्पा ती मळकी खाकी पिशवी मांडीवर घेऊन गाडीत पुढच्या सीटवर बसले. छिन्नी, हातोडी, थापी, ओळंबा, सगळं जागच्या जागी. हात थरथरायला लागून चार वर्षं झाली होती. कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धा चहा बशीत सांडायचा. काम सुटलं होतं, पिशवी सुटली नव्हती.

गाडी बारकी चालवत होती. बारकी म्हणजे आप्पांची धाकटी मुलगी. आजोबा गवंडी, आप्पा गवंडी, थोरला भाऊ गवंडी. कॉलेजची पायरी चढलेली घरात ही पहिलीच. तिने रसायनशास्त्र घेतलं आणि फिरून फिरून तीही चुन्या-दगडापाशीच आली. बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. "म्हणजे आम्ही कालवायचं आणि तू चाटून बघायचंस," दादा म्हणाला होता. तेव्हापासून तो तिला प्रोफेसर म्हणायचा आणि स्वतःला अंगठेबहाद्दर.

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. याच रस्त्यावर, राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाच्या थोडं अलीकडे, हिवाळ्यातल्या एका सकाळी गोठलेल्या पाण्यावरून मोटरसायकल घसरली होती. ते वळण आलं तेव्हा बारकीने गाडी हळू केली, एवढंच. मागे मुंगी, दादाची तीन वर्षांची पोर, काचेला नाक लावून झाडं मोजत होती. तिच्या मोजणीत चारनंतर थेट नऊ यायचे.

वहिनीला दुसऱ्या शहरात, माहेरच्या जवळ, काम मिळालं होतं. उद्या सकाळच्या बसने ती आणि मुंगी जाणार होत्या. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, गाद्यांच्या वळकट्या दोरीने आवळून भिंतीला टेकवल्या होत्या. जायच्या आधी वहिनीने एकच गोष्ट मागितली होती. मुंगीला तिच्या बाबाचा अंगठा दाखवायचा.

चुन्याचं काम करणाऱ्या गवंड्यांची ती रीत होती. दोन दगडांच्या मध्ये चुन्याची जी पट्टी भरतात तिला दरज म्हणतात. दिवसाचं काम संपलं की शेवटच्या दरजेवर अंगठा दाबून बघायचा. खोल रुतला तर चुना कच्चा, त्याला सोडून जायचं नाही. उथळ खळगा पडला की समजायचं, आता धरला. मग वर ओलं गोणपाट टाकायचं आणि घरची वाट धरायची. बाकीचे गवंडी तो खळगा थापीने पुसून टाकत. दादा ठेवायचा. "सही आहे माझी," म्हणायचा. "अंगठेबहाद्दर आणखी कशाने सही करणार?"

त्याच्या बहुतेक सह्या एकदोन पावसाळ्यांत झिजून गेल्या. ओढ्याजवळच्या पट्ट्यातली तेवढी जशीच्या तशी राहिली होती. आप्पांना तिचा कोण अभिमान! पोराचा हात बसला होता, त्याचा चुना बघा कसा टिकला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

का टिकला ते बारकीला माहीत होतं.

प्रयोगशाळेत नमुने येतात ते बिननावाचे, डबीवर नुसता क्रमांक. पंधरवड्यापूर्वी उद्यानातून आलेल्या एका डबीतला तुकडा तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि तिला लगेच दिसलं, चुन्यात सिमेंट आहे. नवशिक्यालाही दिसलं असतं. नव्या घरात सिमेंट चांगलं. जुन्या भिंतीला ते दुखणं. भिंतीत शिरलेलं पाणी कुठून तरी बाहेर पडायला हवं. चुन्याची दरज मऊ असते, पाणी तिच्यातून निघून जातं. दरज झिजते, दगड वाचतो. झिजलेली दरज पुन्हा भरता येते. तसला दगड पुन्हा कुठून आणणार? सिमेंटची दरज मात्र दगडाहून कठीण. तिथे वाट मिळाली नाही की पाणी दगडातून बाहेर येतं, येताना क्षार घेऊन येतं, आणि ते क्षार दगडाच्या कातडीखाली फुगून कातडी सोलून काढतात. बारकीने अहवालात लिहिलं, सदर दरज काढून टाकावी. अहवाल गेला. संध्याकाळी सहज तिने तो क्रमांक नकाशावर शोधला. ओढ्याजवळचा पट्टा.

तिने अहवाल परत मागवला नाही. मागवून त्यात काय लिहिणार होती?

सोमवारी कंत्राटदाराची माणसं यंत्र घेऊन येणार होती. हे घरी सांगायचं असं ती रोज येताना ठरवायची, आणि दारात आप्पा दिसले की रोज गिळायची. चुन्यात भेसळ करणारा, यापेक्षा वाईट शिवी त्यांच्या धंद्यात नव्हती. ती शिवी मेलेल्या पोराला घालायची, आणि तीही त्याच्या बापासमोर. तिची जीभ रेटत नव्हती.

फाटकावर पाटी होती: भिंतीवर चढू नये, दगड हलवू नये, काहीही बाहेर नेऊ नये. गाडी लावून चौघं पायवाटेने निघाली. झाडी संपली आणि भिंत दिसली, टेकडीवरून उतरून ओढ्यापर्यंत आलेली, कुठे पुरुषभर उंच, कुठे गुडघ्याएवढी. ती कुणी बांधली ते माहितीफलकावर लिहिलेलं होतं. कुणाला अडवायला बांधली याबद्दल फलक जरा गुळमुळीत होता. आता तिच्या दोन्ही बाजूंना एकच जंगल होतं. पडक्या जागेतून हरणांची एक मळलेली वाट आरपार गेली होती.

"इथे कोण राहतं?" मुंगीने विचारलं.

"कुणी नाही. नुसती भिंत आहे," वहिनी म्हणाली.

"मग दार कुठाय?"

"दार नको होतं म्हणून तर भिंत बांधली, बये," आप्पा म्हणाले आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

ओढ्याजवळच्या पट्ट्यापुढे दोरी बांधलेली होती. आप्पांनी ती अशी उचलली जशी स्वतःच्या अंगणातली वाळत घातलेली चादर, आणि सगळ्यांना आत घेतलं. अंगठा त्यांना शोधावा लागला नाही. छातीच्या उंचीवर, दोन रुंद दगडांच्या मधल्या, पंजा जाईल एवढ्या जाड दरजेत तो होता. उथळ, गोल खळगा, आणि त्यात तिरपी गेलेली एक बारीक रेघ. लहानपणी छिन्नी लागून दादाच्या अंगठ्यावर तो वण पडला होता.

"हा बघ. हा बाबाचा अंगठा," वहिनीने मुंगीला उचलून घेतलं.

मुंगीने आपला अंगठा त्यात घातला. खळगा तिला आंघोळीच्या टबाएवढा. तिने अंगठा फिरवून बघितला, मग बाजूच्या दगडात तसाच खळगा पाडण्यासाठी जोर लावला. "माझा होत नाही," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. मग वहिनीने आपला अंगठा तिथे ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आप्पांचं लक्ष तोवर खाली गेलं होतं. भिंतीच्या पायाशी दगडाचे पातळ पापुद्रे पडले होते, कांद्याच्या सालींसारखे. दरजेच्या वरच्या आणि खालच्या दगडाच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या, जागोजाग सोलवटल्या होत्या. दरज मात्र शाबूत.

"हे काय झालं दगडांना?" आप्पांनी एक पापुद्रा उचलला. तो त्यांच्या थरथरत्या बोटांतच मोडला.

"थंडीने असेल," वहिनी म्हणाली.

आप्पांनी बारकीकडे बघितलं. बारकी खाली वाकून मुंगीच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. त्या बुटांना नाड्या नव्हत्या, चिकटपट्ट्या होत्या.

जेवायला ती ओढ्याकाठच्या बाकावर बसली. वहिनीने डबा उघडला, अंडी सोलली, मुंगीला पिवळं नको होतं, ते आप्पांकडे गेलं. वहिनी आज बोलत होती. उद्या जायचं म्हटल्यावर तिच्यात काहीतरी सैल झालं होतं. मुंगीला ती तिच्या जन्माची गोष्ट सांगायला लागली, आणि मुंगी ती पाठ असल्यासारखी पुढची पुढची वाक्यं पुरवत होती.

"तू यायला अजून पंधरा दिवस होते. बाबा इथे कामावर, खोपट्यात मुक्कामाला. आणि तू?"

"मी घाई केली!"

"तू घाई केलीस. आत्याने बाबाला फोन केला. बाबा म्हणाला, आज गोठणार आहे, चुना ओला आहे, याला सोडून आलो तर सगळा भुगा होईल, तीन दिवस तरी निघता येणार नाही. मी म्हटलं, बस तिकडे भिंत कवटाळून! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्वारी दारात उभी. नखं पांढरी, डोळे लाल."

"आणि मी आले!"

"आणि तू आलीस. मी विचारलं, चुन्याचं काय केलंस? तर म्हणतो कसा, चुन्याला लाच देऊन आलोय, लवकर धर म्हटलं."

वहिनी हसली. मुंगी हसली. आप्पांचा घास हातातच राहिला.

"लाच?" ते म्हणाले. "कसली लाच?"

"मला काय माहीत? तुमच्या धंद्यातलं काहीतरी."

आप्पांनी घास डब्यात परत ठेवला. ओढ्याचा आवाज एकदम फार मोठा झाला. बारकीने मान वर केली नाही, तरी त्यांची नजर तिला कपाळावर जाणवत होती.

"बारके, इथला नमुना तुमच्याकडे आला होता?"

"आला होता."

"कुणी बघितला?"

"मीच."

"मग बोल की. तोंडात काय धरलंयस?"

"सिमेंट आहे, आप्पा. थोडंच आहे. पण आहे."

वहिनीला आधी काही कळलंच नाही. मग बारकीने सगळं सांगितलं. सिमेंट घातलं की चुना लवकर धरतो ते, दगड का सोलतायत ते, दरज काढावी लागणार ते, सोमवारी यंत्र येणार ते. अहवालाखाली सही कुणाची तेही. बोलताना तिचा आवाज अगदी सरळ होता, प्रयोगशाळेत शिकाऊ मुलांना समजावून सांगताना असायचा तसा, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

"गाढव," आप्पा म्हणाले.

ते तिला नव्हतं. त्यांनी पुन्हा म्हटलं, "गाढव! एवढं शिकवलं. चुन्याला वेळ द्यावा लागतो, दुसरं काही चालत नाही, हे नाक पुसायचं कळत नव्हतं तेव्हापासून शिकवलं. तीन दिवस थांबता येत नव्हतं?"

"माझ्यामुळे झालं," वहिनी म्हणाली. "मीच म्हटलं, भिंत कवटाळून बस."

"तुझ्यामुळे नाही झालं."

"मग?"

"हिच्यामुळे," आप्पांनी हनुवटीने मुंगीकडे खूण केली. मुंगी अंड्याच्या टरफलांची रांग लावत होती. "दे आता हिला शिक्षा." आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. ते पुसायला त्यांनी हात उचलला, पण हात धड डोळ्यापर्यंत पोचेना, तेव्हा वहिनीनेच पदराने पुसले.

थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, "तो अधूनमधून म्हणायचा, उन्हाळ्यात एकदा जाऊन ते नीट करून यायचंय. मला वाटायचं छपराचं म्हणतोय. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गळायचं ना... मी म्हणायचे, नुसता म्हणतच बस तू."

आप्पा उठले आणि पिशवी काखोटीला मारून खोपट्याकडे चालू लागले.

भिंतीच्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडम खोपट्यातच होत्या. आप्पांना त्या फार वर्षांपासून ओळखत होत्या, दादालाही. उद्यानात नवीन लागल्या तेव्हा चुना कसा भिजवतात ते त्यांनी या बापलेकांकडून बघितलं होतं. आप्पांना बघून त्या उभ्या राहिल्या, मग मागे बारकी दिसली आणि त्यांना कळलं की यांना कळलंय.

"सोमवारी यंत्र लावू नका," आप्पा म्हणाले. "यंत्र दगडाच्या कडा खातं."

"हाताने काढायला माणसं मिळत नाहीत, आप्पा. तुम्हाला माहितीये."

"बाकीच्या पट्ट्याचं तुम्ही बघा. एक दरज मला काढू द्या. माझ्या पोराची चूक आहे, परक्याच्या यंत्राने नको."

मॅडमनी त्यांच्या हातांकडे बघितलं. आप्पांनी ते पाठीमागे नेले.

"मी मदत करते," बारकी म्हणाली. "तुम्ही बाजूला उभ्या राहा. चुकतंय असं वाटलं तर थांबवा."

छिन्नी आप्पांनी दोन्ही हातांनी धरली, कोपर भिंतीला टेकवून, म्हणजे थरथर जरा दबते. हातोडी बारकीच्या हातात दिली. तिने आयुष्यात हजारो दरजा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या होत्या. एकही फोडली नव्हती.

"माझ्या बोटावर मारलीस तरी चालेल," आप्पा म्हणाले. "दगडावर मारू नकोस."

पहिला घाव इतका हलका बसला की छिन्नीने नुसतं टिक केलं. "अंडं फोडतेयस का?" आप्पा म्हणाले. दुसरा बसला. तिसऱ्याला दरजेच्या कडेला केसाएवढी भेग पडली. दोन्ही टोकांकडून मधल्या अंगठ्याकडे ते यायला लागले. वहिनी मुंगीला कडेवर घेऊन मागे उभी होती. सुट्टं झालेलं सिमेंट खपल्या-खपल्यांनी खाली पडत होतं, प्रत्येक खपलीबरोबर दगडाचा एक पापुद्रा. प्रत्येक पापुद्र्याला आप्पा दातांवर दात दाबून श्वास ओढत, कुणी त्यांच्याच अंगावरची खपली काढल्यासारखा.

अंगठ्यापाशी आल्यावर आप्पा थांबले. छिन्नी खाली घेऊन त्यांनी घाम पुसला. बारकी मनात हिशोब करत होती, आणि तिला उत्तर आवडत नव्हतं. चुना असता तर हा तुकडा निघाला नसता. घाव बसताच पीठ होऊन सांडला असता. हे सिमेंट आहे म्हणून कदाचित अख्खं निघेल.

अख्खं निघालं. आप्पांनी छिन्नी मागून सरकवली, तिने एक घाव घातला, आणि तळव्याएवढा तुकडा त्यांच्या हातात आला. मधोमध अंगठा, वण सुद्धा शाबूत. वरच्या आणि खालच्या बाजूला मात्र भिंतीच्या दगडाची कातडी चिकटलेली, नखाएवढी जाड.

वहिनीने हात पुढे केला. आप्पांनी तुकडा तिला दिला. तिने तो ओंजळीत धरला, जिवंत काहीतरी धरावं तसा.

"हा मी नेते," ती म्हणाली.

मॅडमनी घसा साफ केला. "नेता येणार नाही... म्हणजे, नियम असा आहे की..."

"सिमेंट माझ्या नवऱ्याचं आहे."

"सिमेंटचं काही नाही. त्याला दगड लागलाय. दगड भिंतीचा आहे."

"दगड तासून काढता येईल," बारकी बोलून गेली. "प्रयोगशाळेत. अंगठ्याला धक्का न लावता. मी करीन, वहिनी."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. "त्याने एकदा सोलला दगड. आता तू सोलणार?"

मॅडम जरा वेळ पायांकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी चहाचं आधण ठेवून येते. दरज उघडी ठेवू नका, चुना बादलीत आहे." आणि पाठ फिरवून खोपट्याकडे गेल्या. चहाला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ त्या परत आल्या नाहीत.

वहिनीने पर्स उघडली, तुकडा आत ठेवला, पर्स बंद केली. कुणी तिला अडवलं नाही. आप्पा खाली बसून घमेल्यात चुना आणि वाळू कालवायला लागले. थापी हातातून निसटायची, ते पुन्हा धरायचे. बारकीने उघड्या दरजेवर पाणी शिंपडलं. आत, दोन दगडांच्या मागे, भिंतीचा भराव दिसत होता. जुन्या गवंड्यांनी दोन बाजूंना घडीव दगड रचून मध्ये हाताला येईल ते टाकलं होतं: खडे, फुटकी खापरं, मोडलेले दगड. वाया गेलेलं, बिघडलेलं सगळं पोटात घेऊन भिंत उभी होती.

"आत अंधार आहे," मुंगी डोकावून म्हणाली.

"भिंतीच्या पोटात अंधारच असतो," आप्पा म्हणाले. "तुझ्या पोटात काय दिवा आहे?"

मुंगीने फ्रॉक वर करून पोट बघितलं. वहिनीला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. बारकी उठून तिच्याजवळ गेली. खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"नेऊन काय करणार मी?" वहिनी म्हणाली. "कपाटात ठेवीन. ही मोठी झाली की विचारेल, हे कुठून आणलं? मग सांगेन, बाबाला नीट करायचं होतं, राहून गेलं, ते मी उचलून आणलं." तिने पर्स उघडली. "आप्पा, नीट केल्यावर हे कुठे गेलं असतं?"

आप्पांनी थापी घमेल्याच्या कडेला टेकवली. "मी असतो तर भरावात टाकलं असतं," ते म्हणाले. "माझीही पुष्कळ आहेत तिथे."

"तुमची?"

"मग काय, जन्मतः गवंडी होतो मी?"

वहिनीने तुकडा काढला. एकदा, शेवटचा, आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. मग हात कोपरापर्यंत भिंतीत घालून तो आत, खापरांच्या आणि खड्यांच्या मध्ये ठेवला. हात बाहेर काढायला तिला वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

दरज आप्पांनी भरली. वाकडीतिकडी भरली, थापी दर वेळी थोडी इकडे नाहीतर तिकडे जायची, आणि बारकी ओल्या बोटाने कडा सारख्या करत गेली. मॅडम चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी आधी दरजेकडे बघितलं, मग वहिनीच्या उघड्या, रिकाम्या पर्सकडे, आणि पहिला कप वहिनीला दिला.

मग ती सगळी बसून राहिली. चुना धरेपर्यंत थांबायचं होतं. ऊन भिंतीवरून उतरलं, ओढ्याकडून गारवा यायला लागला, फाटक बंद व्हायची घंटा झाली. आप्पांनी उठून अंगठा दाबला. खोल रुतला.

"नाही धरला," ते म्हणाले. खळगा त्यांनी थापीने पुसून टाकला.

"आता?" वहिनीने विचारलं.

"आता काय, गोणपाट टाकायचं. उद्या कुणीतरी येऊन बघायला हवं. ओलं ठेवायला हवं."

"मी येईन," बारकी म्हणाली.

सकाळी बस वेळेवर सुटली. आप्पा फलाटावर उभे राहून हात हलवत होते. मुंगीला वाटलं आजोबा फार जोरात टाटा करतायत, म्हणून तीही तितक्याच जोरात करत होती. बस वळणाआड गेल्यावर बारकीने त्यांना घरी सोडलं. रिकाम्या खोल्यांत ते एकदा फिरून आले आणि म्हणाले, "तू जा भिंतीकडे. इथे काय ओलं ठेवायचंय?"

भिंतीपाशी कुणी नव्हतं. गोणपाट वाऱ्याने एका टोकाला उचललं गेलं होतं. बारकीने ते बाजूला करून दरजेवर अंगठा ठेवला आणि हलकेच दाबला. कालच्यापेक्षा कमी, पण रुतला. तिने आप्पांची थापी काढली, खळगा पुसला, गोणपाट ओढ्यात भिजवून आणलं आणि पुन्हा नीट टाकलं.

परत जायला काही हरकत नव्हती. ती जाईना. तिनेच कधी तरी दादाला सांगितलं होतं की चुना वाळून घट्ट होत नाही. आपण श्वासातून सोडतो तोच वायू तो हवेतून ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. झालं, तेव्हापासून दादा काम संपलं की दरजेशी तोंड नेऊन बडबडत बसायचा. लोक हसायचे. "प्रोफेसरने सांगितलंय," तो म्हणायचा. "गप्पा मारल्या की लवकर धरतो."

त्याने फरक पडतो तो नगण्य. मोजता येणार नाही इतका. हे तिला नक्की माहीत होतं.

ती भिंतीला टेकून बसली, गोणपाटाच्या अगदी जवळ तोंड नेलं. "मुंगीला खिडकी मिळाली," ती म्हणाली. "बस हलल्यावर तिने झाडं मोजायला घेतली. चारनंतर अजून नऊच येतात, दादा."